क्वार्टरबॅकची आई

टिल्टन्स बेंडमध्ये मार्लीन हुडकला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण, कारण निम्म्या गावाला तिनेच कधी ना कधी शाळेत पोचवलेलं होतं. पिवळी बस, घट्ट बांधलेली वेणी आणि आरशातून थेट शेवटच्या बाकापर्यंत पोचणारी नजर. मागे कुणी कुणाला चिमटा काढला की ती मान न वळवता म्हणायची, "ब्रॅडली, हात खिशात." आणि ब्रॅडलीचा हात खिशात जायचा. असे कितीतरी ब्रॅडली पुढे दाढ्या राखून, लग्नं करून संसाराला लागले. तरी बाजारात मार्लीन समोर आली की त्यांचे हात आपसूक खिशाकडे वळत.

गाव ओहायो नदीच्या वळणावरचं. पोलादाचा कारखाना चालू होता तेव्हा गावात तिन्ही पाळ्यांना गजबज असायची. कारखाना बंद पडला, दुकानं एकेक करून फळ्या लावून बसली, आणि गावाकडे आपलं म्हणावं असं एक शुक्रवारच राहिला. शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर फुटबॉलचा सामना. लंबगोल चेंडू काखेत मारून धावायचं, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचं, ते फुटबॉल. नदीवरून माल वाहणाऱ्या सपाट बार्ज बोटींवरून शाळेच्या संघाचं नाव पडलं होतं बार्जमेन. आजोबा बार्जमेन, बाप बार्जमेन, नातू बार्जमेन. ज्यांच्या घरात मुलगाच नव्हता ते शेजाऱ्याच्या मुलाला आपला म्हणून ओरडत.

मार्लीनचा नवरा जीन याच बोटींवर कामाला होता. महिनाभर पाण्यावर, मग थोडे दिवस घरी, पुन्हा पाण्यावर. लग्नानंतर बरीच वर्षं त्यांना मूल नव्हतं. दवाखाने झाले, सेंट सिरिलच्या चर्चमध्ये मेणबत्त्या लावून झाल्या, सासूने सांगितलेले सगळे काढे पिऊन झाले. शेवटी दोघांनी तो विषय गुंडाळून माळ्यावर टाकला. आणि मार्लीनला अडतिसावं लागलं तेव्हा, कुणी बोलावलेलं नसताना, गॅरेट आला.

पोरगं शांत होतं. उंच, लांब हातांचं, जरा पोक काढून चालणारं. जुने रेडिओ उघडायचे आणि पुन्हा जोडायचे हा त्याचा छंद. फुटबॉलचं वेड त्याला नव्हतं. फुटबॉलनेच त्याला गाठलं. आठवीत असताना तो आईच्या बसमधून घरी येत होता. एक लहान मुलगी आपला जेवणाचा डबा बसमध्येच विसरून उतरली आणि ओढ्यापलीकडे आपल्या अंगणात पोचलीसुद्धा. गॅरेटने दारात उभं राहून हाक मारली आणि डबा फेकला. ओढ्यावरून, कुंपणावरून, कपड्यांच्या दोरीखालून तो डबा अलगद तिच्या दोन्ही हातांत जाऊन पडला. बसच्या मागे गाडीत खोळंबून बसले होते शाळेचे कोच लमास्टर. दुसऱ्या दिवशी त्यांनी गॅरेटच्या हातात चेंडू दिला.

प्रत्येक चालीला चेंडू ज्याच्या हातात पहिल्यांदा येतो, आणि तो कुणाला द्यायचा, किती लांब फेकायचा, हे ज्याने अंगावर धिप्पाड पोरं धावून येत असताना क्षणात ठरवायचं, तो क्वार्टरबॅक. जिंकलं तर मिरवणूक त्याची, हरलं तरी वरात त्याचीच. गेल्या वर्षी मोठ्या क्वार्टरबॅकचं गळ्याजवळचं हाड मोडलं आणि अर्ध्या हंगामात कोचनी गॅरेटला उभं केलं. मग बार्जमेन जिंकतच सुटले. कारखाना बंद पडल्यापासून जे झालं नव्हतं ते झालं: टिल्टन्स बेंड राज्याच्या उपांत्य फेरीत गेलं आणि अगदी थोडक्यात हरलं. परत येताना बसमध्ये सगळी पोरं रडत होती. बस मार्लीनच चालवत होती. गावाच्या वेशीवर येऊन बघते तर थंडीत कुडकुडत अख्खं गाव रस्त्याच्या दुतर्फा उभं, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच: "पुढच्या वर्षी!"

मार्लीनला धास्ती बसली ती तेव्हा; तिने बस थांबवलीच नाही.

उन्हाळा लागला तसं गावाला भरतं आलं. गॅरेटचं शाळेतलं हे शेवटचं वर्ष. गाड्या विकणारा चक ड्रॅगोविच चाहत्यांच्या मंडळाचा अध्यक्ष होता. त्याने बंद पडलेल्या चपलांच्या दुकानाची अख्खी भिंत रंगवून घेतली. भिंतीवर दोन मजले उंच गॅरेट, हात मागे ताणलेला, आणि खाली ठसठशीत अक्षरं: 'यंदा!' चित्र काढणाऱ्याने हात झकास काढला होता, पण नाक कुणा दुसऱ्याचंच बसवलं होतं. एवढ्यावर थांबेल तो चक कसला! हंगामातला एकही सामना झालेला नसताना त्याने 'अपराजित' असे छापलेले सदरेही गठ्ठ्याने आणून ठेवले.

मार्लीनला रस्त्याने चालणं मुश्किल झालं.

"मार्लीन, हात कसा आहे?"

"कुणाचा?"

"कुणाचा काय विचारतेस? गॅरेटचा!"

"बरा आहे. माझा गुडघा दुखतोय, पण तुम्ही विचारलं नाहीत."

दातांचा डॉक्टर तिच्या तोंडात आरसा घालून विचारायचा, पोरगं झोपतं ना नीट? तिला उत्तर देता यायचं नाही, मग तोच पुढे म्हणायचा, झोपू दे, झोपू दे. फादर टॉमाशनी तर रविवारी आजाऱ्यांसाठी प्रार्थना झाल्यावर घसा खाकरून "आणि आपल्या मुलांच्या खांद्यांना बळ दे" असंही देवाला सांगून टाकलं. मुलांच्या म्हणाले, पण सगळं चर्च एकाच खांद्याकडे बघत होतं. जीनसुद्धा त्यातलाच. रोज संध्याकाळी बोटीवरून फोन आला की पहिला प्रश्न, "आज किती लांब फेकला?"

आणि स्टश विस्निएव्स्की. कारखान्यात भट्टीवर जन्म काढलेला म्हातारा, वय ऐंशीच्या पुढे, आवाज मात्र भट्टीच्या भोंग्याचा. डॉटच्या खानावळीत सकाळी अंडी आणि बटाटे पुढ्यात घेऊन तो रोज न्यायनिवाडा करायचा. "हुडकच्या पोराने यंदा अजिंक्यपद आणलं नाही ना," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तर त्याने पूल ओलांडावा आणि पलीकडच्यांत जाऊन राहावं." सगळे हसले. मार्लीनने कॉफी अर्धी टाकली आणि उठली.

पलीकडे म्हणजे नदीपार, वेस्ट व्हर्जिनियात, मॉरो लँडिंग. तिथल्या शाळेशी टिल्टन्स बेंडचं वैर इतकं जुनं की सुरू कशावरून झालं ते दोन्हीकडे कुणालाच आठवत नव्हतं.

ऑगस्ट लागला. सकाळचे कसून सराव सुरू झाले. मार्लीनच्या लक्षात यायला लागलं की गॅरेट सरावानंतर लगेच घरी येत नाही. आला की नीट जेवत नाही, विचारलं की "खाल्लं बाहेर" म्हणतो. जून महिन्यापासून तिने त्याला हसताना पाहिलेलं नव्हतं. सकाळी न्हाणीघराचा नळ नको इतका वेळ चालू असायचा. तिला शंका येत होती, पण विचारायचा धीर होत नव्हता. काय विचारणार? आणि तो खरं बोलला तर काय करणार?

एका दुपारी ती गोड मक्याची कणसं आणायला पुलापलीकडे गेली. रस्त्याकाठी एक शेतकरी टेबल मांडून बसायचा, त्याच्यासारखी कणसं नदीच्या अलीकडे मिळत नसत. परतताना आइस्क्रीमच्या टपरीपाशी तिला जीनचा जुना ट्रक दिसला. तिने गाडी बाजूला घेतली. गॅरेट खिडकीपाशी रांगेत उभा होता, एकटा. खिडकीतली मुलगी त्याला बघून मोठ्याने म्हणाली, "आला बघा बार्जवाला! यंदा आमचा जेरल तुझी एकेक बरगडी मोजून मोडणार आहे, ठाऊक आहे ना?"

"त्याला मोजता येतं?" गॅरेट म्हणाला.

रांगेतले सगळे फिदीफिदी हसले. एकाने "दात पाडा याचे" अशी पुस्ती जोडली. आणि गॅरेट हसत होता. मनापासून, खांदे हलवत, लहानपणी हसायचा तसा.

मार्लीन गाडीतून उतरली आणि बाकावर त्याच्या शेजारी जाऊन बसली. तो दचकला. मग हातातलं आइस्क्रीम त्याने तिच्यापुढे धरलं, चोरी पकडली गेल्यावर मूल खाऊ पुढे करतं तसं.

"इथे येतोस होय?"

"रोज नाही."

"अरे, हे लोक तुला शिव्या देतात."

"तेच तर," तो म्हणाला. "इथे कुणाचीच इच्छा नाही मी जिंकावं अशी. एकाचीही नाही. तुला कल्पना नाही किती बरं वाटतं."

आइस्क्रीम वितळून त्याच्या मनगटावरून ओघळलं. त्याने ते जिभेने पुसलं.

"सकाळी उलट्या होतात का तुला?"

त्याने मान डोलावली. "सरावाच्या आधी. एकदा झाली की मग ठीक असतो."

"गॅरेट, सोडायचंय का तुला खेळणं? सोडायचं असेल तर आत्ता सांग. मी सांगते कोचना. चकला सांगते. तुझ्या बापाला मीच सांगते."

त्याने नदीकडे बघितलं. कोळशाच्या बार्ज पुढे घालून एक बोट वर चालली होती.

"नाही," तो म्हणाला. "चेंडू हातातून सुटतो ना, तेव्हा मजा येते, आई. अजूनही येते. फक्त त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं नको वाटतं." मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "आणि तू तर बघतसुद्धा नाहीस."

"मी टपरीवर असते."

ते खरं होतं. गावातल्या प्रत्येक सामन्याला मार्लीन मैदानातल्या खाण्याच्या टपरीवर सॉसेज-पाव आणि पिएरोगी, म्हणजे बटाटा भरलेले उकडलेले कानवले, विकायला उभी राहायची. बायका तिचं कौतुक करायच्या, किती राबते म्हणून.

"मैदानाकडे पाठ करून उभी असतेस," गॅरेट म्हणाला. "मला दिसतं तिथून. तुझी नुसती वेणी दिसते."

"मला भीती वाटते रे. ते सगळे ओरडतात, तुला लागतं, तू पडतोस…"

"मलाही वाटते. पण मला पाठ करता येत नाही ना."

एवढंच तो बोलला. त्यात राग नव्हता, म्हणून तिला जास्त लागलं. घरी येऊन तिने कणसं उकडली. दोघांनी ती लोणी लावून खाल्ली, आणि त्या दिवशी गॅरेटने तीन खाल्ली.

दुसऱ्या दिवशी ती मैदानात जागा शोधायला निघाली. पण टिल्टन्स बेंडमध्ये मैदानातली जागा म्हणजे वडिलोपार्जित इस्टेट. माणूस गेला तर लेकाकडे, लेक गाव सोडून गेला तर पुतण्याकडे. परक्याला मिळायची नाही. मधल्या स्टँडमध्ये सगळ्या गावाला ठाऊक असलेली एकच जागा रिकामी होती, ती स्टश विस्निएव्स्कीच्या उजव्या हाताची. त्याची बायको इरीन तिथे बसायची. तिला जाऊन पाच वर्षं झाली होती, तरी स्टश दरवर्षी दोन तिकिटं घ्यायचा आणि त्या जागेवर आपली टोपी ठेवायचा. शिवाय त्याच्या शेजारी बसायची कुणाची हिंमतही नव्हती.

मार्लीन गेली तेव्हा म्हातारा अंगणात टोमॅटोच्या झाडांना काठ्यांचा आधार देत होता.

"स्टश, एक मागायला आलेय."

"टोमॅटो अजून हिरवे आहेत."

"टोमॅटो नको. इरीनची जागा हवी. शुक्रवारपुरती."

त्याने काठी खाली ठेवली आणि तिच्याकडे निरखून बघितलं. "तुला? तू तर टपरीवाली. शिवाय मी काय बोलतो ते ऐकलंयस ना? तुझ्या पोराला मी सोडणार नाही. मी कुणालाच सोडत नाही."

"ठाऊक आहे."

"मग रडायचं नाही."

"नाही रडणार."

"आणि मध्ये मध्ये खेळ समजावून मागायचा नाही."

"मी तुमच्या तिन्ही नातवंडांना शाळेत सोडलंय, स्टश. तिघं मिळून बसमध्ये करायचे त्यापेक्षा हा खेळ सोपा आहे."

म्हाताऱ्याच्या मिशीत काहीतरी हललं. "इरीन विणायची," तो म्हणाला. "मी फार बोललो की सुई टोचायची मला. तू सुई आणू नकोस."

शुक्रवार आला. कोल रनच्या शाळेविरुद्ध हंगामातला पहिला सामना. सूर्य टेकडीमागे गेला होता, बँड वाजत होता, तळलेल्या कांद्याचा वास येत होता, आणि निम्म्या स्टँडने 'अपराजित' अंगात घातलेलं होतं. टपरीवाल्या कॉनीला मार्लीनने आधीच सांगून ठेवलं होतं. कॉनी म्हणाली, जा बाई, पाव काय पळून जात नाहीत. मार्लीन पायऱ्या चढून वर आली तेव्हा माणसं माना वळवून बघायला लागली. स्टशने आपली टोपी उचलली आणि डोक्यावर घातली.

खाली मैदानात बार्जमेन धावत आले. गॅरेटने सवयीने टपरीकडे बघितलं. तिथे कॉनी होती. मग त्याची नजर स्टँडवरून फिरत फिरत वर आली आणि थांबली. मार्लीनने हात हलवला नाही, नुसती बसून राहिली. त्याने हेल्मेट घातलं.

सुरुवात बरी झाली. गॅरेटने फेकलेला लांब चेंडू सहकाऱ्याने धावता धावता झेलला आणि सरळ शेवटच्या रेषेपार नेला. स्टँड थरारून उठलं. मार्लीनही उठली; आपण उठलो हे तिला नंतर कळलं. पण कोल रनवाले काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी बरोबरी केली. मग गॅरेटला त्यांच्या दोन आडदांड पोरांनी असं आपटलं की मार्लीनने स्वतःचाच दंड घट्ट आवळला. तो उठला. पुढच्या चालीला त्याने घाईत चेंडू फेकला आणि तो थेट समोरच्या संघाच्या हातात गेला.

"अरे आंधळ्या!" स्टशचा भोंगा वाजला. "डोळे काय घरी ठेवून आलास? तुझ्या आजीने याहून बरा फेकला असता!"

आजूबाजूची चार-पाच रांगांतली माणसं श्वास रोखून मार्लीनकडे बघायला लागली. ती म्हाताऱ्याकडे वळली.

"त्याची आजी म्हणजे माझी आई, स्टश. तिला यात ओढायचं नाही. तिला संधिवात होता."

मग मागचा न्हावी पीट फिसकन हसला आणि त्याच्यामागून सगळे. स्टश खाकरला. "बरं," तो म्हणाला, आणि पुन्हा मैदानाकडे तोंड करून ओरडला, "अरे आंधळ्या! तुझ्या आत्याने याहून बरा फेकला असता!"

"आत्याचं चालेल," मार्लीन म्हणाली. "माझं तिच्याशी पटत नाही."

मध्यंतर झालं. बँड मैदानात उतरला. स्टशने थर्मासमधली कॉफी टोपणात ओतली आणि तिच्यापुढे धरली.

"मी प्रत्येकाला शिव्या घातल्यात," तो एकाएकी म्हणाला, आता खालच्या आवाजात. "या मैदानावर जो जो क्वार्टरबॅक उभा राहिला त्याला. तुझा काही वेगळा नाही. सोन्याचाही नाही आणि मातीचाही नाही. तो पीट बसलाय ना मागे? त्याला तर मी इतकं बोललो होतो की त्याच्या बापाने मला दारात गाठलं."

"गाठलंच होतं," मागून पीट म्हणाला.

"इरीन गेली तेव्हा," स्टश म्हणाला, "पेटीला खांदा द्यायला सहा जण लागतात. माझी मुलं दोन. उरलेले चार कोण होते माहितीय? चौघेही इथले क्वार्टरबॅक. मी बोलावलं नव्हतं. शिव्या खाल्लेले चौघे आपणहून आले, कोट घालून." त्याने टोपण परत घेतलं आणि उरलेली कॉफी स्वतः प्यायला. "त्यातल्या एकानेही अजिंक्यपद आणलेलं नाही. आम्ही दरवर्षी म्हणतो, यंदा. म्हणायला काय जातं? उन्हाळा सरतो तेवढाच."

मार्लीन खाली बघत राहिली. ढोल वाजवणाऱ्या मुलांमध्ये तिच्या बसमधली निम्मी होती. आठ महिने छातीवर दगड ठेवल्यासारखं होत होतं, ते किंचित सैल झालं. गाव तिच्या मुलाला खाऊन टाकणार नव्हतं. गाव ओरडणार होतं, एवढंच.

दुसऱ्या अर्ध्यात सामना शेवटपर्यंत लोंबकळत राहिला. शेवटची चाल आली तेव्हा बार्जमेन थोडे मागे होते आणि चेंडू गॅरेटच्या हातात. सगळं स्टँड उभं. त्याने दोन पावलं मागे घेतली, हात ताणला, आणि चेंडू सुटला. दिव्यांच्या उजेडात तो गोल गोल फिरत इतका सुंदर गेला की मार्लीनला वाटलं, याला मजा येते ती ही. कोपऱ्यात धावणाऱ्या पोराने उडी मारली. चेंडू त्याच्या बोटांना लागला आणि घरंगळला.

हरले.

मार्लीन वाट बघत होती, आता काय होतंय याची. हिवाळ्यापासून तिने याच क्षणाचा धसका घेतला होता. आणि मग कुणीतरी म्हणालं, "पंच विकला गेलाय." दुसरा म्हणाला, "पंच कशाला, आपली डावी बाजूच भुसभुशीत." तिसऱ्याने कोचना धरलं, चौथ्याने उन्हाळाभर गवत न कापल्याबद्दल शाळेला, आणि एका बाईने सॉसेज-पाव गार होता म्हणून टपरीला. शिव्या सगळ्यांच्या वाट्याला थोड्या थोड्या आल्या. गॅरेटच्याही आल्या, त्याच्या वाटणीच्या. लोक आपापली उशी, घोंगडी उचलून कुरकुरत पायऱ्या उतरायला लागले. चक ड्रॅगोविच 'अपराजित' सदऱ्यावर जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढत होता. तो बिचारा खरोखरच केविलवाणा दिसत होता. मार्लीनने जाताना त्याच्या पाठीवर थोपटलं.

"थंडी पडायला लागेल," स्टश गुडघे धरून उठत म्हणाला. "पुढच्या वेळी घोंगडी आण. माझी मी कुणाला देत नाही."

मुलं बाहेर पडायच्या दारापाशी नेहमीसारखी माणसं थांबली होती. गॅरेट ओल्या केसांनी बाहेर आला, मान खाली. पीट न्हावी पुढे झाला. मार्लीन दोन पावलं पुढे सरकली.

"पोरा," पीट म्हणाला, "शेवटी डावीकडचा अगदी मोकळा होता रे."

"हो. नंतर दिसला मला."

"नंतर सगळ्यांनाच दिसतो," पीट म्हणाला. "माझा अजून स्वप्नात येतो. केस वाढलेत तुझे, ये उद्या."

गॅरेट आईपाशी आला. दोघं गाडीपर्यंत चालत गेले. गाडीत बसल्यावर त्याने डोकं मागे टेकवलं, डोळे मिटले आणि एक लांब, पोटातून आलेला श्वास सोडला. मार्लीनला वाटलं आता रडतो. तो म्हणाला, "आई, भयंकर भूक लागलीय."

घरी त्याने कोबीचे गोळे दोन ताटं भरून खाल्ले, वर अ‍ॅपल पाय खाल्ला, आणि ताटावरच पेंगायला लागला. जीनचा फोन आला. बोटीवर त्याने सामना रेडिओवरून ऐकला होता. मार्लीन आधीच म्हणाली, "त्याला काही बोलू नकोस."

"नाही बोलत," जीन म्हणाला. पलीकडे इंजिनाची घरघर ऐकू येत होती. "आमचा स्वयंपाकी मॉरो लँडिंगचा आहे. इतका नाचला, की त्याचं सूप लागलं खाली. आम्ही सगळे करपलेलं जेवलो." मग त्याने आवाज खाली आणला. "मार्लीन, खरं सांगू? हरलो तेव्हा मला हायसं वाटलं. असं वाटायला नको ना?"

"मलाही वाटलं," ती म्हणाली, आणि दोघं नवरा-बायको नदीच्या दोन टोकांना वेड्यासारखी हसत राहिली.

त्या शनिवारी गॅरेट उन्हं वर येईपर्यंत झोपला. न्हाणीघराचा नळ तोंड धुण्यापुरताच वाजला.

पुढे बार्जमेन बरेच सामने जिंकले आणि काही हरले. मॉरो लँडिंगला त्यांच्याच मैदानावर हरवलं, जेरलला गॅरेटची एकही बरगडी सापडली नाही, आणि आइस्क्रीमच्या टपरीवरच्या मुलीने गॅरेटला आठवडाभर आइस्क्रीम द्यायचं नाकारलं. राज्याच्या स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत, चिखलाने माखलेल्या मैदानावर, हंगाम संपला. परतताना वेशीवर माणसं होती, कमी होती, पण होती. कुणीतरी कॉफीची किटली आणली होती. मार्लीनने बस थांबवली आणि सगळी पोरं उतरून कॉफी प्यायली.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला जीन घरी होता. टर्की टेबलावर आली. मार्लीनची नणंद, म्हणजे तीच आत्या, जेवायला आलेली होती. तिने बसल्या बसल्या विचारलं, "काय रे गॅरेट, आता कुठल्या कॉलेजात खेळायचं ठरलंय?"

गॅरेटने बटाट्याचं भांडं ओढून घेतलं. "खेळायचं नाही, आत्या. कोलंबसला विजेचं काम शिकायला जाणारे. मोठ्या यंत्रांचं. अर्ज भरला."

मार्लीनने नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या हातातली सुरी टर्कीत अर्धवट थांबली होती. त्याने मुलाकडे बघितलं, मग टर्कीकडे, मग पुन्हा मुलाकडे.

"म्हणजे," जीन म्हणाला, "वसंतात सरावाबिरावाला जायचं नाही?"

"नाही."

"मग छपराची पन्हाळी बदलायला तू मोकळा आहेस."

"आहे ना," गॅरेट म्हणाला. "शिडी कुठेय?"

"शिडी चक घेऊन गेलाय," मार्लीन म्हणाली. "भिंतीवरचं 'यंदा!' पुसायला." आणि तिने सगळ्यांच्या ताटात रस्सा वाढला.